विश्लेषण : सातबाऱ्यावर गाव, कारभारात शहर! भाईंदर पश्चिमेची सूत्रे नेमकी कुणाकडे?

भाईंदर पश्चिमेच्या रहिवाशाचा लँडलाइन क्रमांक मुंबईच्या ०२२ ने सुरू होतो, पिनकोड मात्र वसईप्रमाणे ४०१ चा. जिल्हा ठाणे, पण पोलीस आयुक्तालय वसई-विरारच्या जोडीने. विजेचे बिल मुंबईच्या उपनगरांना वीज देणाऱ्या कंपनीचे, तर लोकसभेचा मतदारसंघ थेट नवी मुंबईतल्या बेलापूरपर्यंत पसरलेला. स्थानकाबाहेर उंच इमारती दिसतात आणि उत्तनच्या बसमध्ये बसले की थोड्याच वेळात मिठागरे, भातखाचरे, कोळीवाडे लागतात. मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी, तारोडी, पाली, चौक, उत्तन ही गावे महसुली दप्तरात आजही ‘गावे’ आहेत. मात्र त्यांना ग्रामपंचायत नाही, सरपंच नाही आणि ग्रामसभाही नाही. हे असे का झाले, कोणते काम कोणत्या कार्यालयाकडे आहे आणि त्याचा गावकऱ्यांच्या घरादारावर काय परिणाम होतो, याचा हा आढावा.

भाईंदर पश्चिम नकाशावर नेमके कुठे?

मुंबई उपनगरे आणि ठाणे शहर ज्या साष्टी बेटावर वसले आहे, त्याच बेटाच्या वायव्य टोकाला भाईंदर आहे. उत्तरेला वसईची खाडी, म्हणजे उल्हास नदीचे मुख. पश्चिमेला अरबी समुद्र. दक्षिणेला दहिसर आणि मुंबई महापालिकेची हद्द. पूर्वेला रेल्वेमार्ग ओलांडला की भाईंदर पूर्व, नवघर, मीरा रोड, काशी आणि पुढे घोडबंदर, चेणे, वर्सावे. तिथून संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचे डोंगर सुरू होतात. मीरा-भाईंदर महापालिकेचे एकूण क्षेत्र साधारण ७९ चौरस किलोमीटर आहे.

या क्षेत्राच्या पश्चिम टोकाला जो उंचवटा आहे, तो जुन्या काळापासून ‘धारावी बेट’ म्हणून ओळखला जातो. मुंबईतल्या धारावीशी त्याचा संबंध नाही. खाडी आणि मिठागरांनी हा भाग भाईंदरपासून वेगळा पाडला होता. चौक गावात धारावी किल्ल्याचे अवशेष आहेत. इथून समोर खाडीपलीकडे वसईचा किल्ला आहे. त्यामुळे चिमाजीअप्पांच्या वसई मोहिमेत हे ठाणे ताब्यात असणे महत्त्वाचे होते. मराठ्यांनी १७३९ मध्ये आधी धारावी घेतली आणि त्याच वर्षी मे महिन्यात वसई घेतली.

याच भूभागावर दक्षिणेला गोराई, मनोरी आणि कुळवेम ही गावे आहेत. मात्र ती मुंबई उपनगर जिल्ह्यात आणि मुंबई महापालिकेत मोडतात. उत्तन आणि गोराई ही शेजारची गावे. दोन्हीकडे कोळी आणि ईस्ट इंडियन वस्ती, दोन्हीकडे मासेमारी, दोन्हीकडे शेती. मधल्या अदृश्य रेषेमुळे जिल्हा, महापालिका आणि पोलीस आयुक्तालय हे सगळेच बदलते. मुंबईतून गोराईला जायचे तर बोरिवलीकडून खाडी ओलांडणारी बोट पकडावी लागते. जमिनीवरून जायचे तर भाईंदर पश्चिम आणि उत्तनमार्गेच जावे लागते. म्हणजे मुंबईच्याच एका गावाचा रस्ता ठाणे जिल्ह्यातून जातो.

मुंबईची हद्द दहिसरलाच का थांबली?

हद्दीची ही रेषा डोंगर-नदी पाहून आखलेली नाही, ती टप्प्याटप्प्याने पुढे सरकलेली प्रशासकीय रेषा आहे. १९२० मध्ये साष्टीचा दक्षिण भाग ठाणे जिल्ह्यातून काढून मुंबई उपनगर जिल्हा तयार करण्यात आला. स्वातंत्र्यानंतर १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द पश्चिमेला जोगेश्वरी आणि पूर्वेला भांडुपपर्यंत वाढली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत गेली आणि तिथेच थांबली. गोराई-मनोरी मुंबईत गेली, उत्तन-डोंगरी ठाण्यात राहिली.

तेव्हा भाईंदर म्हणजे मिठागरे, शेती, खाडीतली रेती आणि मासळी. पश्चिम रेल्वेची लोकल होती, पण शहर म्हणावे अशी वस्ती नव्हती. मुंबईत घरांच्या किमती वाढू लागल्या, तशी मध्यमवर्गीय कुटुंबे दहिसरच्या पुढे सरकली. १९९१ च्या जनगणनेत मीरा-भाईंदरची लोकसंख्या पावणेदोन लाखांच्या आसपास होती. २००१ मध्ये ती पाच लाख वीस हजारांच्या घरात गेली आणि २०११ मध्ये ८ लाख ९ हजार ३७८ झाली. म्हणजे वीस वर्षांत साडेचारपटीहून अधिक वाढ. कारभाराची चौकट या वेगाच्या मागून धावत राहिली.

ग्रामपंचायतींचे काय झाले?

१२ जून १९८५ रोजी भाईंदर, नवघर, मीरा, काशी आणि घोडबंदर या पाच ग्रामपंचायती एकत्र करून मीरा-भाईंदर नगर परिषद स्थापन झाली. १९९० मध्ये राई-मुर्धा, डोंगरी, उत्तन आणि वर्सावे या ग्रामपंचायतीही तिच्यात सामील करण्यात आल्या. २८ फेब्रुवारी २००२ रोजी नगर परिषदेची महानगरपालिका झाली. महापालिकेचे मुख्यालय भाईंदर पश्चिमेलाच, इंदिरा गांधी भवनात आहे.

या प्रवासात गावकऱ्यांना काही गोष्टी नक्कीच मिळाल्या. रस्ते, पथदिवे, नळजोडण्या, बससेवा, कचरा उचलण्याची यंत्रणा हे सगळे छोट्या ग्रामपंचायतीच्या उत्पन्नात बसणारे नव्हते. मात्र एक गोष्ट गेली. कायद्याने ग्रामपंचायतीत ७ ते १७ सदस्य असतात आणि गावातल्या प्रत्येक मतदाराला ग्रामसभेत उभे राहून प्रश्न विचारता येतो. मीरा-भाईंदरमध्ये २०१७ च्या निवडणुकीत २४ प्रभाग आणि ९५ नगरसेवक होते. २०११ ची लोकसंख्या प्रभागांमध्ये विभागली, तर एका प्रभागात सरासरी ३३ ते ३४ हजार लोक येतात. एखाद्या छोट्या गावाचे मत अशा प्रभागात किती उठून दिसणार, हा साधा हिशेबाचा प्रश्न आहे.

त्यातही ऑगस्ट २०२२ मध्ये नगरसेवकांची मुदत संपली. राज्यातील इतर अनेक महापालिकांप्रमाणे इथेही निवडणूक लांबली आणि तीन वर्षांहून अधिक काळ आयुक्तच प्रशासक म्हणून कारभार पाहत होते. जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत गावांना ग्रामसभाही नव्हती आणि नगरसेवकही नव्हता.

ठाणे जिल्हा विभागला तेव्हा भाईंदर कुठे गेले?

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन पालघर हा राज्यातला ३६ वा जिल्हा अस्तित्वात आला. २०११ च्या जनगणनेत अविभाजित ठाणे हा १ कोटी १० लाखांहून अधिक लोकसंख्येचा, देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. डहाणू-तलासरीच्या माणसाला जिल्ह्याच्या कामासाठी ठाण्याला यावे लागे. विभाजनात पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा आणि विक्रमगड हे आठ तालुके नव्या जिल्ह्यात गेले. ठाणे, कल्याण, भिवंडी, मुरबाड, शहापूर, उल्हासनगर आणि अंबरनाथ हे सात तालुके ठाण्यात राहिले.

मीरा-भाईंदर हे ठाणे तालुक्याचा भाग असल्याने ठाण्यातच राहिले. वसईची खाडी आता दोन जिल्ह्यांची सीमा झाली. लोकलने खाडीपूल ओलांडून नायगाव गाठले की जिल्हा बदलतो. भाईंदर आणि नायगावच्या मध्ये खाडीत असलेले पाणजू बेट वसई तालुक्यात, म्हणजे पालघर जिल्ह्यात येते.

अंतराची गंमत इथेच आहे. भाईंदरहून वसई खाडीपलीकडे, लोकलने काही मिनिटांवर. पण तो दुसरा जिल्हा. स्वतःच्या जिल्ह्याचे ठिकाण असलेल्या ठाण्याला मात्र थेट लोकल नाही. दादरला जाऊन मध्य रेल्वेची गाडी पकडायची, नाहीतर घोडबंदर रस्त्याच्या वाहतूक कोंडीतून बस किंवा खासगी वाहनाने जायचे. जिल्हाधिकारी कार्यालयातल्या एका कामासाठी उत्तनच्या माणसाचा दिवस जातो, तो यामुळे.

पोलिसांची हद्द वेगळी का?

२०२० पर्यंत आठ लाखांहून अधिक लोकसंख्येचे हे शहर ‘ठाणे ग्रामीण’ पोलिसांच्या अखत्यारीत होते. महापालिका शहरी, पोलीस ग्रामीण, अशी विसंगती अनेक वर्षे चालली. १ ऑक्टोबर २०२० रोजी मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय सुरू झाले. त्यात ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर आणि पालघर जिल्ह्यातील वसई-विरार परिसर एकत्र आणला गेला. सदानंद दाते हे पहिले पोलीस आयुक्त. भाईंदर पश्चिमेच्या किनारपट्टीसाठी उत्तन सागरी पोलीस ठाणे याच आयुक्तालयात आहे.

पोलिसांची हद्द जिल्ह्याच्या हद्दीशी जुळत नाही, यात बेकायदा काही नाही. गुन्हे आणि वाहतूक कशी चालते, त्यानुसार पोलीस हद्द ठरते. मात्र नागरिकांच्या दृष्टीने परिणाम असा, की तक्रार एका आयुक्तालयाकडे, जमिनीचा वाद दुसऱ्या जिल्हाधिकाऱ्यांकडे, असे दोन पत्ते लक्षात ठेवावे लागतात.

मतदारसंघांची गोष्टही अशीच. २००८ च्या पुनर्रचनेनंतर शहर दोन विधानसभा मतदारसंघांत विभागले गेले. भाईंदर पश्चिम हे ‘१४५ मीरा-भाईंदर’मध्ये आहे. शहराचा काही भाग ठाण्याच्या घोडबंदर पट्ट्यासह ‘१४६ ओवळा-माजिवडा’त येतो. लोकसभेला हे दोन्ही मतदारसंघ ठाणे मतदारसंघात असून त्यात ठाणे शहरासह ऐरोली आणि बेलापूरही आहेत.

कोणत्या कामासाठी कुठे जायचे?

- मालमत्ता कर, पाणीपट्टी, जन्म-मृत्यू दाखला, बांधकाम परवानगी, विवाह नोंदणी : मीरा-भाईंदर महापालिका आणि तिची प्रभाग कार्यालये.
- सातबारा, फेरफार, वारस नोंद : गावाचा तलाठी, ज्याचे पद आता ‘ग्राम महसूल अधिकारी’ म्हणून ओळखले जाते. त्यावर मंडळ अधिकारी आणि मीरा-भाईंदरसाठीचे अपर तहसीलदार.
- जातीचा दाखला, जमिनीच्या नोंदीवरील अपील : ठाण्याचे उपविभागीय अधिकारी, म्हणजे प्रांत.
- मिळकतपत्रिका, मोजणी : भूमी अभिलेख विभाग.
- गुन्हा, वाहतूक, पडताळणी : मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय.
- वाहन नोंदणी : पूर्वी ठाण्याचा एमएच ०४. शहरासाठी एमएच ५८ हा स्वतंत्र क्रमांक मंजूर झाला आहे.
- न्यायालय : पूर्वी प्रत्येक तारखेला ठाणे. २०२५ मध्ये मीरा रोड येथे शहराचे स्वतःचे दिवाणी व फौजदारी न्यायालय सुरू झाले.
- मोठे सरकारी उपचार : भाईंदर पश्चिमेचे भारतरत्न पंडित भीमसेन जोशी रुग्णालय. ते बांधले महापालिकेने, चालवतो राज्याचा आरोग्य विभाग.

पाणी, रस्ते आणि मिठागरे कुणाची?

शहराचे स्वतःचे मोठे धरण नाही. पाणी येते ‘स्टेम’ प्राधिकरणाकडून आणि औद्योगिक विकास महामंडळाकडून. स्टेम हे शहाड-टेमघर या नावाचे लघुरूप. ते उल्हास नदीचे पाणी उचलते, तर महामंडळाचा मुख्य आधार बारवी धरण. यात पालघर जिल्ह्यातील सूर्या प्रकल्पाची भर पडायची आहे. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने, म्हणजे एमएमआरडीएने आखलेल्या या ४०३ दशलक्ष लिटरच्या योजनेत मीरा-भाईंदरचा वाटा २१८ दशलक्ष लिटरचा आहे. म्हणजे जिल्हा वेगळा झाला, तरी तहान भागवायला शेजारच्या जिल्ह्याकडेच पाहावे लागते.

मेट्रो ९ ही दहिसर ते भाईंदर मार्गिका एमएमआरडीए उभारते. दहिसर-भाईंदर जोडरस्ता मुंबई महापालिकेने हाती घेतला आहे, पण त्याचा मोठा भाग मीरा-भाईंदरच्या हद्दीतून जातो. २० फेब्रुवारी २०२४ रोजी सुरू झालेल्या वसई-भाईंदर रो-रो सेवेची जेट्टी महाराष्ट्र सागरी मंडळाच्या अखत्यारीत येते. मिठागरांची बरीचशी जमीन केंद्र सरकारच्या मीठ आयुक्तांकडे आहे. कांदळवनांवर वन विभागाच्या कांदळवन कक्षाचे लक्ष असते. किनाऱ्यालगतच्या बांधकामाला सागरी किनारा नियमन क्षेत्राचे नियम लागू होतात. गोराई-मनोरी-उत्तन पट्ट्याच्या पर्यटन विकासासाठी एमएमआरडीएला विशेष नियोजन प्राधिकरण नेमण्यात आले होते. म्हणजे एकाच गावाच्या नकाशावर महापालिका, जिल्हाधिकारी, एमएमआरडीए, राज्याचा वन विभाग आणि केंद्र सरकार अशा पाच यंत्रणांच्या रेषा एकमेकींवरून जातात. यातली एकही रेषा आखताना गावाची औपचारिक सभा बोलावणे बंधनकारक नव्हते.

‘गाव’ म्हणून काय शिल्लक आहे?

महसुली व्यवस्थेत ‘गाव’ हे जमीन मोजणीचे मूळ एकक आहे. ग्रामपंचायत बरखास्त झाली, तरी महसुली गाव तसेच राहते. म्हणून भाईंदर पश्चिमेतल्या टोलेजंग इमारतीच्या कागदपत्रांतही ‘मौजे भाईंदर, तालुका ठाणे’ असा उल्लेख येतो. मौजे राई, मौजे मुर्धा, मौजे उत्तन ही नावे सातबाऱ्यावर आजही आहेत.

अडचण येते ती गावठाणाची. गावठाण म्हणजे गावातली राहती वस्ती. जमीन महसूल संहितेनुसार गावठाणाची हद्द निश्चित करण्याचा अधिकार जिल्हाधिकाऱ्यांना आहे. बहुतेक गावांची गावठाणे जुन्या काळात ठरली. कुटुंबे वाढली, मुलांनी लगतच्या स्वतःच्या शेतात किंवा कोळीवाड्याच्या कडेला घरे बांधली. ती घरे पिढ्यानपिढ्यांची असली, तरी गावठाणाबाहेरची. मग नव्या आराखड्यात तिथे रस्ता किंवा आरक्षण दाखवले गेले, की त्या घराला कागदावर आधार उरत नाही.

ग्रामीण महाराष्ट्रात यावर एक उपाय निघाला. पुरंदर तालुक्यातील सोनोरी गावात गावठाणाची ड्रोनने मोजणी करून घरमालकांना मिळकतपत्रिका देण्याचा प्रयोग झाला. पुढे केंद्राची ‘स्वामित्व’ योजना २४ एप्रिल २०२० रोजी जाहीर झाली. मात्र ती ग्रामीण वस्तीसाठी आहे. मुर्धा किंवा पालीसारखे गाव महापालिकेत असल्याने या चौकटीत बसत नाही. तिथे मार्ग आहे तो नगर भूमापनाचा, आणि ते पूर्ण झालेले नसेल तर घराचा पुरावा म्हणजे घरपट्टीची पावती आणि विजेचे बिल. कर भरल्याची पावती म्हणजे मालकीचा कागद नव्हे. बँकेत कर्ज मागायला गेल्यावर हा फरक अनेकांच्या लक्षात येतो.

याचा प्रत्यक्ष फटका कुठे दिसला?

सर्वात ठळक उदाहरण मेट्रो ९ च्या कारशेडचे. ती आधी राई-मुर्धा-मोर्वा परिसरात प्रस्तावित होती. घरे आणि शेतजमीन जाणार म्हणून गावकऱ्यांनी कडाडून विरोध केला. त्यानंतर कारशेड डोंगरीच्या सरकारी जागेवर हलवण्याचा निर्णय झाला. तिथे हजारो झाडे तोडावी लागणार असल्याने विरोधाचे केंद्र डोंगरी-उत्तनकडे सरकले. एका गावाची सुटका झाली ती दुसऱ्या गावाच्या डोंगरावर.

दुसरे उदाहरण कचऱ्याचे. संपूर्ण शहराचा कचरा उत्तनजवळच्या धावगी डोंगरावरील प्रकल्पात जातो. दुर्गंधी, आगी आणि सांडपाण्याच्या तक्रारी स्थानिकांनी वर्षानुवर्षे केल्या. प्रकरण राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेले. आठ लाखांच्या शहराला कचऱ्यासाठी जागा लागणारच, हे खरे. पण ती जागा ठरवताना ज्यांच्या अंगणात ती येणार त्यांचे मत कुठे नोंदवायचे, याचे उत्तर व्यवस्थेत नव्हते.

तिसरे उदाहरण विकास आराखड्याचे. आराखड्यावर हरकत घेण्याचा हक्क प्रादेशिक व नगररचना कायद्याने प्रत्येकाला दिला आहे. पण तो ठरावीक मुदतीत, लेखी आणि वैयक्तिक स्वरूपात वापरायचा असतो. ग्रामसभेचा ठराव हे सामूहिक हत्यार शहरातल्या गावाकडे नाही. म्हणून मोर्चा, निवेदन आणि न्यायालय हेच मार्ग उरतात.

खाडीपलीकडे वसईत काय घडले?

३ जुलै २००९ रोजी विरार, नालासोपारा, वसई आणि नवघर-माणिकपूर या चार नगर परिषदा आणि ५३ ग्रामपंचायती मिळून वसई-विरार महापालिका झाली. पश्चिम पट्ट्यातल्या गावांनी ‘आमची ग्रामपंचायत आम्हाला ठेवा’ म्हणत मोठे आंदोलन उभारले. २०११ मध्ये राज्य सरकारने २९ गावे महापालिकेतून वगळण्याचा निर्णय घेतला. तो न्यायालयात गेला आणि वाद पुढे अनेक वर्षे चालला. वसईची शेती, विहिरी आणि गावपण वाचवण्याचा मुद्दा त्यामुळे राजकारणाच्या केंद्रस्थानी राहिला.

भाईंदरच्या गावांचे विलीनीकरण त्याच्या दोन दशके आधी झाले. ७३ वी आणि ७४ वी घटनादुरुस्ती १९९२ ची. ग्रामसभेला घटनात्मक स्थान मिळाले, तोवर उत्तन-डोंगरीच्या ग्रामपंचायती नगर परिषदेत विरून गेल्या होत्या.

इंग्लंडमधल्या ग्रामीण परगण्यातून काय शिकता येईल?

हद्दींचा असा गुंता फक्त इथलाच नाही. इंग्लंडमधला रटलंड हा अगदी छोटा ग्रामीण परगणा, तिथल्या भाषेत ‘काउंटी’. क्षेत्र साधारण ३८२ चौरस किलोमीटर, म्हणजे मीरा-भाईंदरच्या जवळपास पाचपट. लोकसंख्या २०२१ मध्ये ४१ हजारांच्या आसपास, म्हणजे मीरा-भाईंदरच्या २०११ च्या लोकसंख्येच्या विसाव्या हिश्श्याएवढी. १९७४ च्या फेररचनेत रटलंड शेजारच्या लेस्टरशायरमध्ये विलीन केला गेला. स्थानिकांना ते कधीच पटले नाही. अखेर १ एप्रिल १९९७ रोजी रटलंडला स्वतंत्र परिषद परत मिळाली.

तरीही पोलीस आणि अग्निशमन सेवा लेस्टरशायरसोबत सामायिकच राहिल्या. संसदेचा मतदारसंघही शेजारच्या परगण्यातल्या भागासह मिळून आहे. म्हणजे हद्दी एकमेकींवरून जाणे तिथेही टळलेले नाही. फरक तळाच्या पायरीत आहे. इंग्लंडमध्ये गावपातळीवर ‘पॅरिश कौन्सिल’ असते. वरची परिषद बदलली, मोठी झाली किंवा दुसरीत विलीन झाली, तरी ती आपोआप संपत नाही. श्रॉपशायरमध्ये २००९ साली जिल्हा परिषदा मोडीत काढून एकच मोठी परिषद केली गेली, पण गावोगावच्या पॅरिश कौन्सिल कायम राहिल्या. तिचे अधिकार मर्यादित असतात. तरी बांधकामाच्या प्रस्तावावर गावाचे म्हणणे अधिकृतपणे नोंदवायची जागा तिथे असते.

भाईंदरमध्ये वरची पायरी वाढत गेली आणि सर्वात खालची पायरी काढून घेतली गेली. नेमके हेच दुखणे आहे.

मग मार्ग काय?

ग्रामपंचायती परत आणणे आता अवघड आहे. पाणी, कचरा, वाहतूक या सेवा शहराशी जोडल्या गेल्या आहेत आणि गावातल्या तरुणांची रोजीरोटीही शहरातच आहे. पण कायद्यातच काही वाटा आहेत.

पहिली, प्रभाग समिती. ७४ व्या घटनादुरुस्तीने तीन लाखांहून अधिक लोकसंख्येच्या शहरात प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. त्यांच्या बैठका गावांत घेणे आणि विषयपत्रिका आधी जाहीर करणे शक्य आहे. दुसरी, क्षेत्रसभा. महाराष्ट्राने महापालिका कायद्यात मतदारांच्या क्षेत्रसभेची तरतूद केली आहे. शहरातल्या गावांसाठी ती ग्रामसभेची जवळची जागा ठरू शकते, पण ती प्रत्यक्षात भरवली तरच. तिसरी, गावठाणे आणि कोळीवाड्यांचे सीमांकन. हे काम जिल्हाधिकारी, भूमी अभिलेख आणि महापालिकेने एकत्र करायचे आहे. हद्द कागदावर आली, की घर अनधिकृत की वडिलोपार्जित, हा वाद बराचसा मिटतो.

तोवर गावकऱ्यांनी करण्यासारखे काम साधे आहे. सातबारा आणि मिळकतपत्रिका महाभूमीच्या संकेतस्थळावर तपासणे, वारस नोंदी वेळेत करून घेणे, घरपट्टीच्या जुन्या पावत्या जपणे आणि आराखड्याची सूचना निघाली की मुदतीत लेखी हरकत देऊन पोच घेणे. ग्रामसभेत हात वर करून जे सांगता येत होते, ते आता पोच घेतलेल्या कागदावरच सांगावे लागते.